लंडनला मुलांकडे निघालात? प्रॉम्सच्या तारखा बघून तिकीट काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत उन्हाळी परदेश सहलींवर लेख होता. लंडनचे चार दिवस त्यात नीट आखून दिले होते. मोठं पाळणाचक्र, मेणाचे पुतळे, राजवाड्यापुढची पहारेकऱ्यांची अदलाबदल, एक दिवस खरेदीचा. लेख उपयोगाचा आहे, मी कात्रण काढून ठेवलं. पण त्याच शहरात जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत, आठ आठवडे, जवळजवळ रोज संध्याकाळी प्रॉम्स नावाचा जगातला एक फार मोठा संगीत महोत्सव चालतो, आणि तिथे उभं राहून ऐकण्याचं तिकीट गेली काही वर्षं ८ पौंडांना मिळतं, याचा त्यात एका ओळीनेही उल्लेख नव्हता. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण ज्यांची मुलं तिकडे आहेत अशा आपल्या कितीतरी वाचकांच्या कामाचं आहे.

मी मिरजेची. चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत गाणं शिकवलं, निवृत्त होऊन आता नऊ वर्षं झाली. मुलगी लंडनमध्ये हॅरोजवळ रेनर्स लेनला राहते. तिच्याकडे माझ्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या तिन्हींत मी या महोत्सवाला गेले नाही, कारण तो असतो हेच मला ठाऊक नव्हतं.

तिसरी फेरी २०२३ सालची. त्या वर्षी अधिक श्रावण होता. जावयांना वाण द्यायचं म्हणून अनारशांचं पीठ मी मिरजेहूनच करून नेलं होतं. २८ जुलैला, शुक्रवारी संध्याकाळी, मी मुलीच्या स्वयंपाकघरात खसखशीवर अनारसे थापत होते. विजेच्या शेगडीचा अंदाज येईना. तूप जरा कमी-जास्त तापलं की अनारसा हसायचा. तेहेतीस धड व्हायला नऊ वाजले. नेमक्या त्याच वेळी, भुयारी रेल्वेने पाऊण तासावर, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पलक मुच्छल बर्मिंगहॅमच्या सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर लताबाईंची गाणी गात होती. सगळी संध्याकाळ लताबाईंना वाहिलेली. १९७४ साली लताबाई स्वतः ज्या सभागृहात गायल्या, त्याच सभागृहात.

मला हे कळलं रविवारी, शेजारच्या गुजराती बेनकडून. त्या दोघी बहिणी जाऊन आल्या होत्या. सांगताना त्यांचे डोळे भरून आले, आणि मी हातात अनारशांची ताटली घेऊन त्यांच्या दारात तशीच उभी. मुलगी म्हणाली, "अगं आई, मला तरी कुठे माहीत होतं?" तिचंही खरंच होतं. सकाळी सातला घर सोडून संध्याकाळी सातला परतणाऱ्या माणसाने आणखी काय काय बघावं? त्या रात्री मला झोप लागली नाही. मी लताबाईंची गाणी ऐकत वाढले, पुढे तीच गाणी मुलींना शिकवली, आणि पाऊण तासावर असूनही मी तिथे नव्हते. ही हळहळ अजून गेलेली नाही.

पुढच्या खेपेला मात्र आधी महोत्सवाच्या तारखा बघायच्या आणि मग विमानाचं तिकीट काढायचं, असं ठरवलं. तेव्हा लक्षात आलं की आपल्याकडची माणसं हा महोत्सव चुकवतात ती बहुतेक तारखांपायी. आपला उन्हाळा मार्च ते मे. त्यामुळे आई-वडील एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला तिकडे जातात, इथलं ऊन चुकवतात आणि जुलै उजाडला की परत निघतात. तिकडचा खरा उन्हाळा म्हणजे आपले आषाढ-श्रावण. आपण विमानात बसतो आणि तिकडे पंधरा दिवसांत महोत्सवाचा पडदा वर जातो. माझ्या ओळखीतली तरी पाच-सहा जोडपी दरवर्षी अशीच परततात.

प्रॉम्स म्हणजे प्रोमेनाड कॉन्सर्ट. बसायला खुर्ची न घेता, उभ्याने, फिरत्याने ऐकायचे कार्यक्रम. १० ऑगस्ट १८९५ रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये ते सुरू झाले. तिकीट एक शिलिंग. रॉबर्ट न्यूमन हे त्या सभागृहाचे व्यवस्थापक. ज्यांना मोठं संगीत ऐकायची सवय नाही आणि ज्यांच्या खिशाला ते परवडत नाही, अशा माणसांना हळूहळू त्याची गोडी लावायची, असा त्यांचा मानस होता. खाणं-पिणं, विडी-सिगारेट सगळ्याला मुभा होती. गाणं चालू असताना काडी ओढू नका, एवढीच काय ती विनंती.

आता जे सांगते ते वाचलं तेव्हा मी चष्मा काढून बाजूला ठेवला होता. न्यूमनांकडे पैसा नव्हता. पैसा दिला डॉ. जॉर्ज कॅथकार्ट नावाच्या घशाच्या डॉक्टरांनी, आणि त्यांनी दोन अटी घातल्या. एक, वाद्यवृंदाचं संचालन हेन्री वुड या सव्वीस वर्षांच्या तरुणाने करावं. दुसरी, वाद्यांची पट्टी खाली आणावी. त्या काळी इंग्लंडमध्ये वाद्यं फार चढी लावत. त्या पट्टीत गाऊन गायकांचे गळे बिघडतात, हे डॉक्टर रोज आपल्या दवाखान्यात बघत असणार. न्यूमनांनी अट मान्य केली, पट्टी उतरली आणि महोत्सव उभा राहिला.

संपादक महाशय, माझा गळा पट्टीनेच गेला. शाळेची पेटी होती ती होती. प्रार्थनेची पट्टी माझ्या आधीच्या कुणीतरी ठरवून ठेवलेली. सातशे मुलींना ऐकू जायला हवं म्हणून मी वर्षानुवर्षं रोज सकाळी त्या चढ्या पट्टीत ओरडून गायले. एक्केचाळिसाव्या वर्षी घशात गाठी झाल्या. मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. ज्यांनी तपासलं त्यांनी सहा महिने मौन सांगितलं आणि म्हणाले, "बाई, पट्टी खाली घ्या. देवाला खालच्या पट्टीतलंही ऐकू येतं." त्यांचं ऐकून मी प्रार्थना खाली आणली. त्यानंतर कितीतरी मुली, ज्या नुसते ओठ हलवायच्या, त्या गायला लागल्या. लंडनमध्ये एका घशाच्या डॉक्टरनं १८९५ साली याच एका गोष्टीसाठी स्वतःचे पैसे घातले, हे समजल्यापासून तो महोत्सव मला परका वाटत नाही.

१९२७ पासून तो बीबीसी चालवते. १० मे १९४१ च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात क्वीन्स हॉल जळून खाक झाला आणि त्याच उन्हाळ्यात कार्यक्रम रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सुरू झाले, एक हंगामही न बुडता. जळक्या ढिगाऱ्यातून हेन्री वुड यांचा अर्धपुतळा सापडला होता. तो आजही दरवर्षी हंगामभर रंगमंचामागे, ऑर्गनसमोर ठेवतात.

तर मागच्या वर्षीची, २०२५ ची आखणी सांगते. हंगाम १८ जुलै ते १३ सप्टेंबर होता. गणपती २७ ऑगस्टला. घरच्या गणपतीला मी मिरजेत नाही असं कधी झालेलं नाही, तेव्हा जायचं १२ जुलैला आणि परत २२ ऑगस्टला असं ठरलं. पाच आठवडे हाताशी. कार्यक्रमांची यादी एप्रिलमध्ये जाहीर होते, खुर्च्यांची विक्री मेच्या मध्याला सुरू होते. मी यादी मुलीकडून मागवून घेतली, झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात छापून घेतली आणि पंचांग शेजारी ठेवून खुणा करत बसले. एकादशी, संकष्टी, नातवाची सुट्टी, जावयांच्या कामाचे दिवस. सत्तराहून अधिक कार्यक्रमांतून सहा निवडले. पाश्चात्त्य संगीतातलं मला फारसं कळत नाही. ज्यांत एकटं वाद्य किंवा एकटा गळा पुढे असेल असे कार्यक्रम मी घेतले, कारण तसं ऐकायची आपल्या कानाला सवय आहे. नवख्या माणसाने असंच निवडावं असं माझं मत आहे.

इथे माझी एक मोठी चूक झाली, ती लिहायलाच हवी. अनुष्का शंकर यांचा कार्यक्रम ऑगस्टमध्ये होता. तो कुठल्याही परिस्थितीत चुकवायचा नाही म्हणून मी मुलीला न विचारता मिरजेतूनच मोबाइलवर तिकीट शोधलं. जे पान सगळ्यात वर आलं ते उघडलं. दिसायला अगदी अधिकृत, वर सभागृहाचं चित्र. चार खुर्च्यांचे जवळजवळ एकोणीस हजार रुपये कार्डावरून भरले. पैसे मिळाल्याचा मेल आला, तिकिटं कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी येतील असं त्यात होतं. ती आलीच नाहीत. लंडनला पोचल्यावर जावयांनी सभागृहाकडे चौकशी केली, तर या व्यवहाराची तिथे नोंदच नव्हती. तिकिटं पुन्हा विकणाऱ्या कुठल्यातरी मध्यस्थाचं ते पान होतं. पैसे आजतागायत परत मिळालेले नाहीत. म्हणून कळकळीने सांगते, तिकीट काढायचं ते रॉयल अल्बर्ट हॉलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच, आणि तिथे पोचायचं ते बीबीसीच्या प्रॉम्सच्या पानावरून. शोधात जे वर दिसतं त्यावर बोट ठेवू नका. आपल्या वयाच्या माणसांनी तर घरातल्या तरुण माणसाला शेजारी बसवूनच पैसे भरावेत.

त्याच कार्यक्रमाला आम्ही शेवटी गेलो, तेही प्रत्येकी ८ पौंडांत. उभ्याची तिकिटं त्या-त्या दिवशी सकाळी विक्रीला येतात. नातू अकरा वर्षांचा आहे. तो बरोबर वेळेला संगणकासमोर बसला, त्याची आई त्याच्या मागे कार्ड घेऊन उभी, आणि मी देवाजवळ. पाच-सात मिनिटांत तीन तिकिटं हाती आली. त्या एका सकाळचा अनुभव असा की घाबरायचं काही कारण नाही, पण वेळ मात्र चुकवायची नाही. हंगामाच्या शेवटच्या रात्रीचे नियम वेगळे असतात, ते आधी वाचून घ्यावेत.

उभ्याच्या जागा दोन ठिकाणी आहेत. एक अरीना, म्हणजे रंगमंचासमोरची जमीन. तिथे गायक-वादक इतके जवळ की व्हायोलिनच्या गजाचे केससुद्धा दिसतात. खुर्चीवाले किती तरी जास्त पैसे भरून याच्या मागे बसतात. दुसरी जागा सगळ्यात वर, घुमटाखाली, कमानींच्या गोल सज्जात. तिला गॅलरी म्हणतात. वर जायला लिफ्ट आहे. माझे गुडघे दीड तास उभं राहू देत नाहीत, म्हणून मी गॅलरी घेतली. जीव धाकधुक करत होता. वर गेले तर काय, निम्मी माणसं जमिनीवर बसलेली! कुणी भिंतीला पाठ टेकून, कुणी पाय पसरून, एक आजोबा मांडीवर स्वरलिपीचं पुस्तक उघडून, दोन मुली चक्क आडव्या झालेल्या, डोळे मिटून. मी पिशवीतून जुनी चादर काढली, चौघडी केली आणि मांडी घातली. सवाईची भारतीय बैठक, मिरजेच्या दर्ग्यातली अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीची सतरंजी, आणि ही. परदेशात एवढं मोकळं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

पहिली रात्र होती, १८ जुलै. सिबेलियस या फिनलंडच्या रचनाकाराचा व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे एकटं व्हायोलिन पुढे आणि साथीला वाद्यवृंद अशी रचना होती, वाजवणार होत्या लिसा बातिआश्विली. सुरू होण्याआधी एका वाद्याने एकच स्वर लांब धरला. त्यांचा ए, म्हणजे आपली पांढरी सहा. बाकी सगळ्यांनी त्यावर आपापली वाद्यं जुळवून घेतली. एवढा मोठा वाद्यवृंद एका स्वरावर येतो तो क्षण मी डोळे मिटून ऐकला. मिरजेला सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लागते, तेव्हा एक क्षण असा येतो की तार वाजत नाही, खोलीच वाजते. इथे तसं झालं. मग सगळीकडे शांत झालं. पाच हजार माणसं असतील, पण खोकलासुद्धा नाही. आणि व्हायोलिनांची अगदी बारीक थरथर सुरू झाली, ऐकू येते न येते अशी. त्या थरथरीवर एकटं व्हायोलिन आलं. घाई नाही, जोर नाही, एखाद्याने पहाटे पहिला षड्ज लावावा तसं. माझ्या तोंडून "आहा" निघणार होतं, मी पदर तोंडावर धरला. तिथे दाद शेवटी द्यायची असते, हे नवीन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आपल्याला ते जड जातं. पण संपल्यावर टाळ्या अशा पडतात, अरीनातली माणसं पाय आपटतात, की रोखून धरलेलं सगळं तिथे मोकळं होतं.

छताला बशांसारख्या मोठ्या गोल तबकड्या टांगलेल्या दिसतात. नातवाने विचारलं म्हणून शोधून काढलं. सभागृह १८७१ सालचं, घुमट प्रचंड, त्यामुळे आवाज घुमून परत यायचा. तो आवरण्यासाठी १९६९ साली या तबकड्या लावल्या. गॅलरीत बसलं की त्या डोळ्यांच्या पातळीला येतात. समोर ऑर्गन, त्याला ९,९९९ नळ्या. आपल्या संगीत नाटकांतला पायपेटीचा ऑर्गन ज्यांनी ऐकलाय, त्यांनी हा एकदा ऐकावाच. खर्जाचा स्वर लागतो तेव्हा बसल्या जागी मांडीखालची जमीन थरथरते.

मागच्या ऑगस्टमध्ये एक कार्यक्रम रात्री अकरा ते सकाळी सात असा झाला. अख्ख्या रात्रीचा प्रॉम १९८३ नंतर पहिल्यांदाच होत होता. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे मी गेले नाही, मुलगी आणि जावई गेले. सकाळी आठला दोघं घरी आले, चहा टाकला, आणि मुलगी तासभर बोलत होती. माझ्या लहानपणी वडील मला दर्ग्याच्या उरुसात चिंचेखाली घेऊन बसायचे. मी त्यांच्या मांडीवर झोपायची, आणि भैरवीला ते मला उठवायचे. मुलीला हे मी कधी सांगितलं नव्हतं, ते त्या सकाळी सांगितलं.

एवढं सगळं लिहायचं कारण आता सांगते. लंडनला मुलांकडे गेलेल्या आई-वडिलांचे दिवस कसे जातात, हे मी जवळून बघितलंय. सकाळी घर रिकामं होतं. भांडी आवरायची, मशीनमधले कपडे काढायचे, दुपारी इथल्या मालिका फोनवर बघायच्या, चार वाजता नातवाला शाळेतून आणायचं. बागेत दुसरे आजी-आजोबा भेटतात, तेही तेच विचारतात, "कधी परत?" दोन महिने झाले की माणूस दिवस मोजायला लागतो. मुलांना वाईट वाटतं, ती शनिवारी कुठेतरी नेऊन आणतात, पुन्हा पाच दिवस तेच. यातल्या कितीतरी जणांनी इथे आयुष्यभर गाणं ऐकलेलं असतं. आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर सकाळी काय लागलं होतं ते त्यांना अजून सांगता येतं. त्यांना रेनर्स लेनवरून पिकॅडिली लाइन धरून साउथ केन्सिंग्टनला उतरायचं आणि तिथून पंधरा मिनिटं चालायचं, एवढंच कुणीतरी सांगायला हवं. जुलैत तिथे सूर्यच नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे जाताना उजेड असतो. कार्यक्रम दहाच्या सुमारास संपला की भरलेल्या गाडीतून आपण अकरापर्यंत घरी. मी चौथ्या कार्यक्रमाला एकटी गेले आणि एकटी आले. मुलगी स्टेशनवर न्यायला आली होती, पण गरज नव्हती.

ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी बीबीसीच्या रेडिओ थ्रीवर तोच कार्यक्रम थेट लागतो. कणीक मळत ऐकता येतो. हे तर फुकट आहे आणि हेही कुणी सांगत नाही.

सांगलीच्या माझ्या एका मैत्रिणीने मागच्या वर्षी एका सहल कंपनीबरोबर युरोप केलं. लंडनच्या दोन संध्याकाळींपैकी एक मोकळी द्याल का, मला गाणं ऐकायला जायचंय, असं तिने आधी विचारलं होतं. उत्तर आलं, "मॅडम, त्या वेळेला ग्रुपचं डिनर आहे." जेवायला हॉटेलात भारतीय थाळी होती. ती सांगते, की हॉटेल सभागृहापासून चालत जाण्याइतकं जवळ होतं. कंपन्यांनी हे मनावर घ्यावं. तीस माणसांच्या गटात पाच तरी ऐकणारी असतात.

जाणाऱ्यांसाठी सुचतील तशा दोन-चार गोष्टी. वर गॅलरीत उकडतं, सुती साडी किंवा ड्रेस बरा, शाल परतीच्या गाडीसाठी. मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आम्ही सहा वाजताच समोरच्या केन्सिंग्टन बागेत जायचो. तिथे राणी व्हिक्टोरियाच्या यजमानांचं, अल्बर्ट यांचं, सोनेरी स्मारक आहे, त्याच्या एका कोपऱ्याला हत्तीवर बसलेली बाई कोरली आहे, आशिया खंड म्हणून. त्या हत्तीसमोरच्या बाकावर बसून जेवायचं आणि रस्ता ओलांडून आत जायचं. पियानो असेल त्या दिवशी आणखी एक गंमत बघायला मिळते. त्याचं झाकण उचलताना खालचे अरीनावाले एका सुरात "हीव्ह" ओरडतात आणि वरचे आम्ही "हो!" पहिल्या वेळेला मी दचकले. दुसऱ्या वेळेला माझाही आवाज त्यात होता.

आता यंदाचं. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे गणपती लांबला, १४ सप्टेंबरला आलाय. म्हणजे गणपती न चुकवता जवळजवळ सगळा हंगाम ऐकता येईल असं हे वर्ष आहे. मेमध्ये जायचा बेत असेल आणि तिकीट अजून काढलं नसेल, तर ते जुलैवर ढकला. अधिकाचं वाण आधी पाठवून द्या किंवा मुलीला इथून पीठ पाठवा, पण जुलै-ऑगस्ट तिकडे राहा. बहीण मला म्हणते, वाणासाठी जूनमध्येच जा. मी तिला २०२३ ची गोष्ट सांगितली, मग ती गप्प बसली.

आणि आपल्याला एक विनंती. पालख्यांचं वेळापत्रक आपण दरवर्षी छापता, सवाई गंधर्व महोत्सवाचा रोजचा क्रम छापता. एप्रिलमध्ये प्रॉम्सची यादी जाहीर होईल तेव्हा त्यातले आपल्या माणसांना आवडतील असे दहा-बारा कार्यक्रम, तारखा आणि खरं संकेतस्थळ, एवढं एका चौकटीत द्या. भारतीय कलाकार असेल तर ठळक अक्षरात द्या. त्या चौकटीचं कात्रण मिरज-सांगलीतून, कोल्हापुरातून, पुण्यातून किती बॅगांमधून लंडनला जाईल ते बघा. २०२३ साली अशी चौकट असती, तर मी त्या दिवशी अनारसे दुपारीच उरकले असते.

माझं तिकीट निघालं आहे, ८ जुलै. यंदा सांगलीची ती मैत्रीण बरोबर येते आहे, सहल कंपनीशिवाय. तिचे गुडघे ठणठणीत आहेत, ती खाली अरीनात उभी राहणार, मी वर चादर घेऊन. दारं वेगळी आहेत आणि गर्दीत फोन ऐकू येत नाहीत, म्हणून कार्यक्रम संपल्यावर दक्षिणेच्या पायऱ्यांखाली, अल्बर्टच्या पुतळ्यापाशी भेटायचं असं आत्ताच ठरवून ठेवलं आहे.

आपली,
एक निवृत्त संगीत शिक्षिका
मिरज